नोंद ठेवू नये

कलम सात मी माझ्या हाताने बदललं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यात मी फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवते आहे, असं कुणाला वाटायला नको.

माझे वडील गणपती कुरणे शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत. आम्ही बौद्ध. आप्पांचा जन्म छप्पनच्या आधीचा, म्हणून नाव गणपती. धर्मांतरानंतर आजोबांनी घरातले देव कृष्णेत सोडले, मुलाचं नाव तेवढं राहून गेलं. शाळा एका संस्थेची होती आणि संस्था एका घराण्याची.

१९९३ च्या फेब्रुवारीत आप्पांच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीने जीव दिला. पूर्वपरीक्षेचा निकाल लागून चार दिवस झाले होते. गावाने दोन दिवस चर्चा केली. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. चपला हातात होत्या.

"सर, मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "तिनं शपथ घातलती, कुणाला सांगू नको म्हणून."

आप्पांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि बराच वेळ नुसते शेजारी बसून राहिले. मी तेव्हा बी.ए.ला होते, घरी आलेले. ती गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरांचं पोरांना आपल्याआधी कळतंय. आपण तिथं न्हाईच."

जूनमध्ये त्यांनी 'सोबती' सुरू केले. शाळेच्या अंगणात हापसा होता आणि व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची दोन पिंपं. ती शिपाई भरायचा. आप्पांनी ते काम मुलांकडे दिलं. वर्गातल्या प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, ज्याच्याजवळ रडायला लाज वाटणार नाही त्याचं नाव लिहा. पहिल्या नंबराची मुलं त्यात क्वचितच आली. ज्यांची नावं आली ते सोबती. रोज एक सोबती आणि चिठ्ठी टाकून निघालेलं दुसरं कुणीतरी, अशा जोडीने पिंपं भरायची. एकाने हापसायचं, दुसऱ्याने कळशी धरायची, मग अदलाबदल.

पिंपं भरायला अर्धा तास लागे. हापशाचा आवाज असा की दोघांचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नसे. हात कामात, नजर कळशीत. समोरासमोर बसवून 'बोल' म्हटलं तर आमच्याकडची पोरं अंगठ्याने जमीन उकरत बसतात. हापशावर ती बोलू लागली.

पहिल्याच आठवड्यात एक पालक आले. "सर, आमच्या पोरीला पाण्याला का लावलासा?"

"पाणी पिती न्हवं ती?"

"पिती की."

"मग भरू दे."

पालकांना खरं म्हणजे पोरगी कुणाच्या पोराबरोबर पाणी भरते ते विचारायचं होतं. ते त्यांनी विचारलं नाही, आणि आप्पांनीही ते ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

सोबत्याने सरांना येऊन तीनच गोष्टी सांगायच्या. 'बरं हाय.' 'सर, तुम्ही बोला.' 'आजच जावा.' कारण सांगायचं नाही. तिसरं वाक्य आलं की शाळा सुटल्यावर आप्पा लुना काढत, त्या घरी जात आणि ताक मागत. ताक पिता पिता तासभर बसत. आठ वर्षांत ते वाक्य किती वेळा आलं, कुणाच्या घराबद्दल आलं, हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही.

मी कोल्हापुरात एका कायदा महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. १९९८ साली आप्पा लागोपाठ काही शनिवार एस.टी.ने येऊन आमच्या वाचनालयात बसले. निवृत्ती जवळ आली होती. "मी गेलो की पिंपं परत शिपाई भरंल," ते म्हणाले. "कायद्यातच लिहून पायजे." कायदे कसे लिहितात ते बघण्यासाठी त्यांनी अधिनियमांची पुस्तकं उपसली आणि फुलस्केप कागदावर नऊ कलमांचा मसुदा केला. कलम सात असं होतं: 'विद्यार्थ्याने सोबत्यास सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीची लेखी नोंद कोणीही, कोणत्याही कारणासाठी ठेवू नये.'

मी म्हटलं, "ठेवली तर शिक्षा काय, ते लिहावं लागतं आप्पा."

"शिक्षा कशाला? लाज वाटंल की माणसाला."

मी हसले होते.

मसुदा त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांकडे पाठवला, तेच तेव्हा आमदार होते. उत्तर आलं नाही. २००१ साली आप्पा निवृत्त झाले आणि पुढच्या जूनपासून पिंपं शिपाई भरू लागला. २००५ च्या फेब्रुवारीत, अंघोळीला पाणी काढत असताना, आप्पा गेले.

पाचव्या दिवशी संग्रामदादा भेटायला आले. आधीच्या आमदारांचा मुलगा. आमदारकी आणि संस्थेचं अध्यक्षपद दोन्ही आता त्यांच्याकडे. सोबत सहा जण. गाडी गल्लीत अशी लावली की कुणाची सायकल पलीकडे जाईना. दादा आप्पांच्या फोटोखाली बसले. "कसं झालं ओ मावशी?" असं आईला विचारलं आणि आई सांगत असताना मोबाइलमध्ये बघत राहिले. आईच्या ते लक्षात आलं. तिने वाक्य अर्ध्यात सोडलं. दादांच्या ते लक्षात आलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दीप्तीताई, सरांनी एक कायदा लिहिलाय न्हवं. आमच्या वडिलांच्या कपाटात घावला. पोरांच्या मनाचा विषय अजून सभागृहात कुणी असा मांडला न्हाय. पेपरात रोज बातम्या. आपण अशासकीय विधेयक आणू."

दादा पुढे बोलतच होते.

"नाव सरांचंच. गणपती कुरणे सोबती कायदा." आणि सहा जणांकडे बघून हसत म्हणाले, "कायद्यालाच गणपतीचं नाव म्हटल्यावर विघ्न कुठनं येतंय?"

सहाही जण हसले. पाचव्या दिवशी, आमच्या घरात, त्या फोटोखाली. आईने न प्यालेल्या चहाचे कप उचलून आत नेले.

मला किळस आली होती हे खरं. पण 'गणपती कुरणे सोबती कायदा' हे चार शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत हेही खरं. हजारो कायद्यांची पुस्तकं मी कपाटात लावली होती. त्यांत एकावर आप्पांचं नाव. मी मूळ मसुदा शुद्ध करून टंकलिखित प्रत दादांकडे पाठवली.

मे महिन्यात त्यांचा स्वीय सहायक शशिधर वाचनालयात आला. सीमेकडचा, घरून फोन आला की कानडीत बोलणारा, हुशार आणि अतिशय नम्र माणूस. मसुदा त्याने खरोखर वाचला होता. तेवढ्यानेच मला तो बरा वाटला.

"ताई, बाकी झकास हाय. कलम सातला तेवढी अडचण."

"तेच मुख्य कलम आहे."

"व्हय. पण नोंद न्हाय तर आकडा न्हाय. उद्या मंत्री उठून विचारतील, किती पोरं वाचली? काय सांगायचं?"

"वाचलेली पोरं कशी मोजणार?"

"तेच की. म्हणून वही पायजे." त्याने आवाज खाली आणला. "न्हाईतर दादा म्हणतील, राहू दे. त्यांच्याकडं दुसरा विषय तयार हाय, ऊस वाहतुकीचा. मग सरांचं राहिलंच. आपण 'गोपनीय' म्हणून घालू की. शब्द तुम्हीच घाला. तुमची भाषा चांगली हाय."

मी तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी कलम सात असं झालं: 'विद्यार्थ्याने सोबत्यास कथन केलेल्या बाबींची नोंद विहित नमुन्यातील नोंदवहीत ठेवण्यात यावी, ती गोपनीय समजण्यात यावी व दरमहा मुख्याध्यापकांस सादर करण्यात यावी.' नोंदवही सात वर्षे जतन करावी, हे कलम आठमध्ये मीच घातलं. हयगय होऊ नये म्हणून. वाक्य नीट बसलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे करता आला नसता. मला बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

आई अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचते. तिने सात नंबरपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"तुझ्या बापानं आठ वरसं तोंडात धरलं. आन् तू वही काढून दिलीस."

"कायदा होईल आई. त्यांच्या नावाचा."

"त्यांचं नाव त्यांच्यापाशी हायच की. तुला कशाला पायजे?"

मला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसा.

विधेयक मांडण्याआधी संस्थेच्या शाळांत योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू करायचं ठरलं. मध्येच ऑगस्टमध्ये महापूर आला, शाळेत छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर दुरुस्ती निघाली, तेव्हा हापसा काढून टाकला आणि व्हरांड्यात शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. त्यावर दादांचं नाव. शेजारच्या खोलीला 'सोबती कक्ष' अशी पाटी लावली. आत दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर वही. सोबती म्हणून प्रत्येक वर्गातला पहिला नंबर नेमला आणि त्यांना बिल्ले दिले. हे सगळं मला शशिधरने फोनवर सांगितलं. मी 'बरं' म्हटलं.

२००६ च्या फेब्रुवारीत आप्पांना वर्ष झालं. घरी सकाळी पुण्यानुमोदन झालं. दुपारी शाळेने कार्यक्रम ठेवला होता. आई आणि मी गेलो. सभागृहाला नवा रंग दिला होता, तरी पुराची रेघ खालून दिसत होती. टेबलावर सरस्वतीचा फोटो आणि त्याला लागून आप्पांचा. दोन्ही फोटोंना हार, दोन्ही फोटोंना कुंकू. आप्पांच्या कपाळावर काचेवरून लाल बोट ओढलं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी या सभागृहात त्रिशरण म्हणून मुलांना आंबेडकर जयंतीचं भाषण दिलं होतं. आई पुढे झाली आणि पदराने काच पुसली. कुंकू पसरलं. तिने पदराचं दुसरं टोक घेतलं आणि पुन्हा पुसली. मला स्टेजवर खुर्ची होती, हातात फुलांचा गुच्छ दिलेला.

मुख्याध्यापक आकाराम चौगुले बोलायला उभे राहिले. हे आप्पांच्या हाताखाली शिक्षक म्हणून लागले होते, त्यांच्या लुनावर मागे बसून फिरले होते. वाईट माणूस नाही, आणि हेच मला अजून पचत नाही. त्यांच्या हातात ती वही होती.

"सरांनी लावलेल्या रोपाला फळ कसं आलं, त्याचं एक उदाहरण वाचतो," ते म्हणाले. "नाव सांगत न्हाई. गोपनीय हाय. आठवी ब मधली एक मुलगी. वडील न्हाईत. आई वाडीला पेढ्याच्या दुकानात कामाला हाय."

एवढ्यावर सभागृहातली निम्मी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. नृसिंहवाडीला पेढ्यांच्या दुकानात जाणारी बाई त्या गावात एकच होती.

मग त्यांनी वाचलं. पाऊण पान. वळणदार अक्षरात एका तेरा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या तेरा वर्षांच्या मुलीचं घर लिहून काढलं होतं. चौगुले सर चांगलं वाचतात, जिथे थांबायचं तिथे थांबतात. काय वाचलं ते मी इथे लिहिणार नाही. त्या मुलीला मी मनाली म्हणेन. ते तिचं नाव नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी सोबतीला स्टेजवर बोलावलं. ती गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र घेताना प्रेक्षकांकडे बघेना. तिला सांगितलं होतं की अक्षर चांगलं आलं तर बक्षीस मिळेल, आणि तिने चांगलं अक्षर काढलं होतं. टाळ्या झाल्या. दादांनी हात उंच करून टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला बायका एकमेकींच्या कानाला लागल्या.

मनाली सतरंजीचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळत होती. बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. ती रडली नाही.

आणि मी खुर्चीतून उठले नाही. गुच्छ मांडीवर धरून बसून राहिले.

जेवण शिक्षकांच्या खोलीत होतं. मसालेभात आणि जिलेबी. दादांनी मला शेजारी बसवलं.

"अंगावर काटा आला का न्हाय, ताई?" जिलेबीचा पाक त्यांच्या मनगटापर्यंत ओघळला होता. "हीच केस विधेयकाच्या उद्देश आणि कारणांत घाला. दोन परिच्छेद, तुमच्या भाषेत. सभागृहात मी स्वतः वाचतो. माणसं रडतील."

"झेरॉक्स काढल्यात," शशिधर म्हणाला. "तीन प्रती. एक ताईंना देऊ?"

"ती मुलगी समोर बसली होती," मी म्हटलं.

"नाव घेतलंय का चौगुलेंनी?"

"नाव घ्यायचं काय राहिलं होतं?"

दादांनी मनगट रुमालाला पुसलं. "ताई, एका पोरीचं बघताय. मी राज्यातल्या पोरांचं बघतोय."

"मी लिहिणार नाही. आणि विधेयकातून माझ्या वडिलांचं नाव काढा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "दुःखात माणसाचं असं हुतंय," ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शशी, ताईंना आन् मावशींना गाडीनं घरी सोड. जिलेबी बांधून दे."

गाडीत शशिधर पुढे बसला होता. मान वळवून हळू आवाजात म्हणाला, "नाव काढतो ताई. पण कलम कसं काढू? सही दादांची हाय, आणि शब्द तर तुमचे हायत."

आई खिडकीबाहेर बघत होती. घरी उतरताना तिने जिलेबीचा पुडा सीटवरच ठेवला.

विधेयक मार्चमध्ये मांडलं गेलं. नाव नव्हतं. उद्देश आणि कारणांत 'ग्रामीण भागातील एका पितृहीन मुलीच्या बाबतीत' अशी सुरुवात करून तीन ओळी होत्या, कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेल्या. त्याला क्रमांक मिळाला आणि ते चर्चेला कधीच आलं नाही. छापील प्रत आमच्या वाचनालयात आली. दाखलनोंद मी केली, शिक्का मी मारला, कपाटात मी लावली.

एप्रिलमध्ये मी चौगुले सरांकडे गेले. म्हटलं, ती पानं मला द्या, किंवा माझ्यासमोर फाडा.

त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पोरगी शाळंला यायची बंद झाली ओ. मी दोनदा निरोप धाडला." मग कपाटाकडे बघत म्हणाले, "पण वही फाडता येत न्हाय. रेकॉर्ड हाय. सात वर्षं जपावं लागतंय."

"विधेयक मंजूर नाही सर. कुठलाही कायदा झालेला नाही."

"पण योजना सुरू हाय की. संस्थेचं परिपत्रक हाय." त्यांनी ते काढून दाखवलं. कलम सात आणि आठ शब्दशः होती. "तुमचंच न्हवं हे? चांगलं लिहिलंय."

तिथून मी मनालीच्या घरी गेले. तिची आई अंबूबाई नुकतीच वाडीहून आली होती. पदराला खव्याचा वास. तिने मला दारातच थांबवलं.

"कुरणे सरांची पोरगी व्हय तू?"

"हो."

"सर आले असते तर ताक मागितलं असतं त्यांनी. तू काय मागायला आलीयास?"

मी म्हटलं, "काही नाही." ते खरं होतं. ती आत जाऊन ताकाचा तांब्या घेऊन आली. मी उंबऱ्यावर बसून प्यायले. आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा मी सांगितलं की कोल्हापुरात मुलींची एक शाळा आहे, वसतिगृह आहे, स्थानिक पालक म्हणून मी सही करीन.

"तिथं वही हाय?" आतून मनालीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.

जूनमध्ये तिला घेऊन एस.टी.ने निघाले. शिरोली एमआयडीसीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिथे गाडी रहदारीत अडकली, आणि फाउंड्रीच्या धुराकडे बघत तिने विचारलं, "सरांच्या वक्ताला वही नव्हती, मग सरांना कसं कळायचं?"

मी तिला हापशाचं सांगितलं. ती तीन वाक्यं सांगितली.

वर्षभराने, २००७ च्या जूनमध्ये, मुलींच्या त्या शाळेच्या हेडबाई दादांच्या संस्थेतली योजना बघून आल्या. भारावून आल्या. येताना विहित नमुना घेऊन आल्या. मला वसतिगृहात जाऊन मनालीला सांगावं लागलं.

"वही आली," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. मलाच सोबती केलंय." तिने बिल्ला दाखवला. "बाई म्हणल्या, तू कुणाशी जास्ती बोलत न्हाईस, तुझं अक्षर चांगलं हाय."

तिच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही. समजावं अशी अपेक्षा करण्याचा मला हक्कही नव्हता.

जानेवारीत हेडबाईंनी स्थानिक पालक म्हणून मला बोलावून घेतलं. वही माझ्यापुढे सरकवली.

"बघा तुम्हीच. जूनपासून."

मी पानं उलटली. तारीख, इयत्ता, आणि पुढच्या रकान्यात कचेरीतला तो कोरडा शब्द: निरंक. पुढच्या ओळीत निरंक. पुढच्या पानावर निरंक. अक्षर खरंच सुंदर होतं.

"सात महिन्यांत एक केस नाही," हेडबाई म्हणाल्या. "बाकीच्या वर्गांच्या वह्या भरत आल्या. आणि मधल्या सुट्टीत बघाल तर निम्म्या शाळेच्या पोरी हिच्याभोवती, मागच्या नळाशी. नळ मोठा सोडायचा, बाटल्या धुवत बसायचं. पाण्याच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नाही. बोलतात तरी काय?"

"विचारलंत तिला?"

"विचारलं. म्हणते, बरं हाय." मग त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरात मात्र एकदा माझ्या खोलीत आली. एका मुलीचं नाव घेऊन म्हणाली, बाई, आजच जावा. कारण विचारलं तर सांगेना. मी म्हटलं, कारणाशिवाय कशी जाऊ मी कुणाच्या घरी? तर उभीच राहिली टेबलापाशी. हलेना. शेवटी गेले मी."

"मग?"

हेडबाईंनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "बरं झालं गेले," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "पण त्याचीसुद्धा नोंद नाही हो. त्या दिवशीही निरंक. मार्चमध्ये तपासणी आहे. मी हिला बदलून दुसरी नेमणार होते. तुम्ही कायद्याच्या क्षेत्रातल्या, आणि ही योजना तुमच्या वडिलांचीच ना मुळात? तुम्ही सांगा, हे चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "नोंदवही ठेवली पाहिजे असं नियमात आहे. ती ठेवलेली आहे. तिला बदलू नका."

"तसं लिहून द्याल?"

त्यांनी शेरापुस्तक पुढे केलं. मी लिहिलं: 'सोबती नोंदवही तपासली. सर्व नोंदी विहित नमुन्यात व नियमानुसार आहेत.' वाक्य एका दमात आलं, नीट बसलं. ज्या हाताने कलम सात लिहिलं होतं त्याच हाताने हेही लिहिलं. खाली सही केली. हेडबाईंनी वाचलं, मान डोलावली, तारखेचा शिक्का मारला.

मग त्यांनी कपाट उघडून मनालीची वही बाकीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात नीट लावून ठेवली. आता ती सात वर्षं जतन करतील.